अलिप्ततावाद आजही हवा आहे काय? वराळ्याच्या रस्त्यावरून काही विचार

तळेगाव दाभाडे स्टेशनकडून निघालेला रस्ता वराळे गावातून पुढे आंबी आणि नवलाख उंबरे येथील औद्योगिक वसाहतीकडे जातो. पाळी सुटण्याच्या वेळी या रस्त्यावर कामगारांच्या बसगाड्या, कंटेनर आणि दुचाकी यांची अशी दाटी होते की पायी जाणाऱ्याने जीव मुठीत धरूनच चालावे. या वसाहतीत अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने २००८ साली मोटारींचा कारखाना सुरू केला. २०१७ अखेर कंपनीने भारतातील विक्री बंद केली आणि काही काळ केवळ निर्यातीसाठी गाड्या बनवल्या. जानेवारी २०२० मध्ये हा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्स कंपनीला विकण्याचे ठरले. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने या चिनी कंपनीशी सुमारे ३,७७० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार जाहीर केला. त्याच रात्री लडाखमधील गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान धारातीर्थी पडले.

आठवडाभरातच तो करार स्थगित झाला. डिसेंबर २०२० मध्ये कारखान्यातील उत्पादन थांबले आणि हजाराहून अधिक कामगारांच्या चुली विझण्याची वेळ आली. केंद्र सरकारची परवानगी चिनी कंपनीला मिळाली नाही व २०२२ च्या मध्यास तिने नाद सोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीच्या भारतीय शाखेने कारखाना घेण्याचा करार केला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या.

एकाच फाटकावर अमेरिका येऊन गेली, चीन येता येता थांबला आणि कोरिया आला. परराष्ट्र धोरण हा दिल्लीतील मोठ्या लोकांचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्या आमच्या धर्मग्रामांतील बंधुभगिनींनी या फाटकाचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा. भारताने कोणाच्या बाजूने उभे राहावे, की कोणाच्याच नाही, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत ठरते. त्याचा हिशेब मात्र वराळ्याच्या भाड्याच्या खोल्यांत चुकता होतो.

म्हणूनच अलिप्ततावाद या जुन्या, अनेकांना कालबाह्य वाटणाऱ्या शब्दाकडे पुन्हा वळण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या शब्दाविषयीच थोडे. 'अलिप्त' म्हटले की मराठी मनासमोर पाण्यात राहून न भिजणारे कमळाचे पान येते. संसारात असून नसल्यासारखा वागणारा विरक्त पुरुष येतो. मूळ इंग्रजी शब्दात ही विरक्ती नाही. त्याचा साधा अर्थ 'रांगेत उभे न राहणे' एवढाच आहे. ७ सप्टेंबर १९४६ रोजी आकाशवाणीवरून बोलताना पंडित नेहरूंनी हाच विचार मांडला होता : जगाला दोनदा महायुद्धात लोटणाऱ्या सत्तागटांपासून दूर राहायचे आणि प्रत्येक प्रश्नाचा निवाडा आपल्या बुद्धीने करायचा. जगाकडे पाठ फिरवून बसायचे, असे त्यात कोठेही नव्हते. भाषांतराने आमच्या पदरात एक सोवळा शब्द टाकला आणि त्या शब्दानेच निम्मा गैरसमज केला, असे आम्हांस वाटते.

रांगेत उभे न राहणे म्हणजे काय आणि राहणे म्हणजे काय, याचे धडे मराठी माणसाला परदेशातून आणावे लागत नाहीत. वराळ्यापासून हाकेच्या अंतरावर वडगाव मावळ आहे. रघुनाथरावांना पेशवेपदी बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून जानेवारी १७७९ मध्ये तळेगावापर्यंत आली. महादजी शिंदे व इतर मराठे सरदारांनी तिची रसद तोडली, गावे ओस पाडली, आणि मागे फिरलेल्या त्या फौजेला वडगावात गाठून शरणागतीचा तह करावयास लावले. कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्ट्युअर्ट, आपल्या लोकांचा 'इष्टुर फाकडा', याची आठवण मावळात अजून सांगितली जाते.

लढाई महादजींनी जिंकली. पण तिच्याआधीची दोन वर्षे पुण्यात नाना फडणीस जे करीत होते, ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यास आला. नानांनी त्याचा थाटात सत्कार केला. मुंबईकर इंग्रजांची त्यामुळे झोप उडाली. फ्रेंचांच्या हाती मात्र नानांनी ठोस असे फारसे काही पडू दिले नाही. पुढे १७८० मध्ये त्यांनी कालचे वैरी हैदर अली आणि निजाम यांनाही इंग्रजांविरुद्ध एका मसलतीत आणले. कोणत्याही टोपीकराच्या दावणीला न बांधता प्रत्येकाशी बोलणे चालू ठेवायचे, ही ती रीत होती. नाना काही संत नव्हते आणि त्यांच्या राजकारणात धर्मनीती शोधू गेल्यास निराशाच पदरी येईल. पण निर्णयाची दोरी त्यांनी स्वतःच्या हातून सुटू दिली नाही.

मार्च १८०० मध्ये नाना गेले आणि तीन वर्षे पुरी होण्याच्या आत दोरी सुटली. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून हडपसरच्या लढाईत पराभूत झालेला दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयास वसईला पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तेथे तह केला. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुळे वसईच्या मातीत आहेत. शाळेत हा तह त्यांनी पाठ केला असेल. पण त्याची कलमे पुन्हा वाचण्याजोगी आहेत. सहा हजारांची तैनाती फौज कायम ठेवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रांतील युरोपियनांना नोकरीस ठेवायचे नाही, आणि इंग्रजांना विचारल्यावाचून दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे करायचे नाही. बाजीरावाला संरक्षण मिळाले, गादी मिळाली. सोळा वर्षांत राज्य गेले.

यशया संदेष्टा आठव्या शतकात, म्हणजे प्रभू येशूच्या जन्मापूर्वी सातशेहून अधिक वर्षे, यहूदाच्या राजांना हेच सांगत होता. आहाज राजाने शेजाऱ्यांच्या भीतीने अश्शूरला हाक मारली आणि तो अश्शूरचा मांडलिक झाला. पुढे अश्शूरच्या जाचातून सुटण्यासाठी लोक मिसरच्या घोड्यांकडे आणि रथांकडे पाहू लागले, तेव्हाही संदेष्ट्याने त्यांना खडसावले. पवित्र शास्त्र परराष्ट्र धोरणाचे पाठ्यपुस्तक नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही भीतीपोटी बलवानाच्या पायाशी बसणे ही श्रद्धेचीही कसोटी असते, एवढे त्यातून दिसते.

स्वतंत्र भारताने हे धोरण स्वीकारले तेव्हा त्याला दोन अंगे होती. पहिले अंग स्वायत्ततेचे : आमचा निर्णय आम्ही घेऊ. दुसरे अंग मध्यस्थीचे : आम्ही कोणाच्या गटात नाही, म्हणून दोघांच्या मध्ये उभे राहण्याचा आम्हांला अधिकार आहे आणि ते आमचे कर्तव्यही आहे. या दुसऱ्या अंगाचे सर्वांत बोलके उदाहरण कोरियाचेच आहे. १९५० मध्ये तेथे युद्ध पेटले तेव्हा भारताने लढणारी पलटण पाठवली नाही, वैद्यकीय पथक पाठवले. १९५३ मध्ये युद्धविराम झाल्यावर मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या सुमारे बावीस हजार युद्धकैद्यांचे काय करायचे, हा पेच उभा राहिला. दोन्ही बाजूंना चालेल असा राखणदार कोण? काम भारतीय सैन्याकडे आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या होते आणि कैद्यांची प्रत्यक्ष राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मराठी सेनानी मेजर जनरल शंकरराव थोरात. संतप्त, परस्परांच्या जिवावर उठलेल्या कैद्यांच्या छावण्या त्यांनी महिनोन्‌महिने सांभाळल्या. उत्तरेत वा दक्षिणेत कोठेच जायचे नाही असे म्हणणारे काही कैदी अखेर त्यांच्याबरोबर भारतात आले. आज तळेगावच्या कारखान्यात कोरियन अधिकाऱ्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मराठी मुलांना ही हकिगत कोणी सांगते की नाही, कोण जाणे.

एप्रिल १९५५ मध्ये बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेची परिषद झाली, सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला पंचवीस राष्ट्रांची अलिप्त परिषद भरली. आज या चळवळीत १२० हून अधिक राष्ट्रे आहेत.

या धोरणाच्या डागांवर पांघरूण घालण्याचा आमचा हेतू नाही. १९५६ मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी सुएझवर हल्ला केला तेव्हा भारत कडाडला. पण त्याच सुमारास सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि कार्डिनल मिंझेंटी यांना अमेरिकेच्या वकिलातीत आश्रय घ्यावा लागला, तेव्हा भारताचा आवाज तितका स्वच्छ उमटला नाही. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले. भारताला अमेरिकेकडे आणि ब्रिटनकडे शस्त्रे मागावी लागली. डिसेंबरात कोलंबोला जमलेल्या सहा अलिप्त मित्रांनी समेटाचे प्रस्ताव तयार केले, मात्र चीनला आक्रमक म्हणण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते याच पडझडीनंतर. त्यांच्यापुढचे पहिले काम सैन्याच्या अंगावर कपडे आणि हातात शस्त्रे देण्याचे होते. घरात धान्य नसताना उपवासाचे व्रत सांगण्यात अर्थ नसतो, हे त्या वर्षाने शिकवले.

आपल्या ख्रिस्तसभेचा या विषयाशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो येथे मांडतो. १९२९ च्या लॅटरन करारात परमपीठाने स्वतःविषयी असे मान्य केले की राष्ट्राराष्ट्रांच्या ऐहिक स्पर्धेपासून ते दूर राहील. दोन्ही पक्षांनी मिळून बोलावले तरच मध्यस्थी करील. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाच्या प्रश्नावरून अणुयुद्धाचा धोका उभा राहिला तेव्हा पोप तेविसावे जॉन यांनी व्हॅटिकन रेडिओवरून दोन्ही बाजूंच्या राज्यकर्त्यांना विनवले आणि पुढील एप्रिलात 'पाचेम इन तेर्रिस' हे विश्वपत्र जगाच्या हाती दिले. अर्जेंटिना आणि चिली ही दोन कॅथलिक राष्ट्रे बीगल सामुद्रधुनीवरून युद्धाच्या काठावर आली असता परमपीठाच्या मध्यस्थीने १९८४ मध्ये त्यांचा तह झाला.

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल युखारिस्तिक काँग्रेससाठी मुंबईला आले, हे आमच्या ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल. कित्येकांचे आईवडील त्या वेळी लोकलगाड्यांतून ओव्हल मैदानावर गेले होते. त्याच भेटीत त्यांनी जगातील राष्ट्रांना आवाहन केले की शस्त्रास्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग तरी गरीब देशांच्या विकासासाठी एका जागतिक निधीत घालावा. हे आवाहन रोमहून झाले नाही, न्यूयॉर्कहूनही नाही. ते अलिप्त राष्ट्राच्या भूमीवरून, मुंबईहून झाले. पुढे डिसेंबर १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'सोलिचितुदो रेई सोचिआलिस' या विश्वपत्रात पूर्व-पश्चिम गटबाजी गरीब राष्ट्रांच्या विकासाला कशी मारक ठरते हे दाखवले. प्रत्येक राष्ट्राला स्वतःची ओळख, स्वातंत्र्य आणि सुरक्षितता यांचा हक्क आहे, असे सांगू पाहणाऱ्या अलिप्त चळवळीतील चांगल्या अंशाची त्यांनी नाव घेऊन दखल घेतली. स्वतः साम्यवादी गटात गुदमरलेल्या पोलंडमधून आलेल्या पोपनी हे लिहावे, याला वजन आहे.

आता आजच्या जगाकडे वळू. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि दोन रांगांपैकी एक मोडली. तेव्हा अलिप्त राहायचे ते कोणापासून, हा प्रश्न योग्यच होता. आता त्याचे उत्तर पुन्हा समोर आले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. २ मार्च रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत १४१ राष्ट्रांनी रशियाचा निषेध केला, पाच राष्ट्रांनी विरोधात मत दिले आणि पस्तीस राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत भारत होता. त्यानंतर युरोपने नाकारलेले रशियन तेल भारताने स्वस्तात घेतले. युद्धापूर्वी आपल्या तेल आयातीत दोन टक्क्यांच्या आसपास असलेला रशियाचा वाटा एक तृतीयांशाच्याही पुढे गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच कारणावरून भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लादले आणि एकूण शुल्क ५० टक्क्यांवर नेले. मुंबईच्या सीप्झमधील दागिने घडवणाऱ्या कारागिरांपासून कोळंबी निर्यात करणाऱ्यांपर्यंत सर्वांना त्याची झळ बसली. अशा शुल्कांचे आकडे वाटाघाटींत वर-खाली होत राहतात; धाक मात्र मागे उरतो.

दुसऱ्या बाजूने त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ मृदा खनिजांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटारीत हे चुंबक लागतात. पावसाळ्याच्या सुमारास पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील उत्पादनाला त्याचा फटका बसला. एका बाजूस वॉशिंग्टनचे शुल्क, दुसऱ्या बाजूस बीजिंगचे चुंबक. दोन रांगा पुन्हा लागल्या आहेत, आणि दोन्हीकडून हाताला ओढ लागली आहे. अशा वेळी अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया यांच्याबरोबर क्वाडमध्ये बसणारा भारत रशिया व चीन यांच्याबरोबर ब्रिक्समध्ये आणि शांघाय सहकार्य संघटनेतही बसतो. पंडितांनी याला बहुसंलग्नता, सामरिक स्वायत्तता अशी नावे दिली आहेत. अलिप्त परिषदेचा मान मात्र कमी झाला : २०१६ आणि २०१९ च्या शिखर परिषदांना आपले पंतप्रधान गेले नाहीत, उपराष्ट्रपती गेले, जानेवारी २०२४ मध्ये कंपालाला परराष्ट्रमंत्री गेले.

नाव काहीही द्या. जुन्या धोरणाचे पहिले अंग आज जिवंत आहे, किंबहुना पूर्वीपेक्षा धट्टेकट्टे आहे, आणि त्याबद्दल आम्ही सरकारला दोष देणार नाही. स्वस्त तेल घेणे हे गरीब देशाने करण्याजोगे काम आहे. गलवाननंतर चिनी गुंतवणुकीला आवर घालणेही समजण्यासारखे होते. आमची खंत दुसऱ्या अंगाविषयी आहे. कोणाच्याही रांगेत नसलेल्या राष्ट्राच्या शब्दाला जे वजन असते, ते आपण खर्च करतो कोठे? सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंद येथे पंतप्रधानांनी रशियाच्या अध्यक्षांना युद्धाचा हा काळ नव्हे असे समोरासमोर सुनावले. ते योग्यच झाले. पण गाझाच्या बाबतीत काय? डिसेंबर २०२३ मध्ये आमसभेत युद्धविरामाच्या बाजूने मत देणारा भारत १२ जून २०२५ रोजी तशाच ठरावावर तटस्थ राहिला. १४९ राष्ट्रे ठरावाच्या बाजूने होती. पाच आठवड्यांनंतर, १७ जुलै रोजी, गाझातील एकमेव कॅथलिक चर्चवर, पवित्र कुटुंबाच्या मंदिरावर, तोफगोळा पडला आणि आश्रयास आलेल्यांपैकी तिघे दगावले. पोप फ्रान्सिस आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत याच धर्मग्रामाला रोज संध्याकाळी दूरध्वनी करीत असत.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला पाहून रस्त्याच्या पलीकडून निघून जाणारे दोघे कोणत्याच गटाचे नव्हते. त्यांनी कोणावर हात टाकला नाही, लुटारूंना साथ दिली नाही. तेही तटस्थच होते. त्यांतील पहिला याजक होता, ही गोष्ट आम्हां धर्मगुरूंच्या जिव्हारी लागण्यासारखी आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये 'फ्रात्तेल्ली तुत्ती' या विश्वपत्राच्या मध्यभागी हाच दाखला ठेवला.

तेव्हा अलिप्ततावाद आज हवा काय, या प्रश्नाला आमचे उत्तर होय असे आहे; थोरातांच्या छावणीतला हवा, पलीकडून निघून जाणाऱ्याचा नको.

आणि त्याची किंमत कोणी द्यायची, हा हिशेबही मांडला पाहिजे. चिनी गुंतवणूक नाकारण्याचा निर्णय राष्ट्राने घेतला. कारखान्याला नवा धनी मिळेपर्यंत मध्ये गेलेली वर्षे राष्ट्राच्या खात्यावर पडली नाहीत. ती पडली वराळे, आंबी, तळेगाव येथे हप्त्यांवर घर घेतलेल्या, मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या कामगारांच्या खात्यावर. कामगारांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. पस्तिशी ओलांडलेल्या फिटरला नव्या कारखान्यात पंचविशीच्या मुलाशी रांगेत उभे राहावे लागते, आणि ही रांग टाळण्याचे कोणतेही धोरण त्याच्यापाशी नसते. अमेरिकेने १९६२ मध्येच परदेशी व्यापारामुळे बेकार होणाऱ्या कामगारांच्या मदतीचा कायदा केला होता. युरोपीय संघाने २००७ पासून अशा कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी निधी ठेवला आहे. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची बेरोजगारी साहाय्याची योजना आहे, पण ती ठराविक वेतनाच्या आतील विमाधारकांना आणि थोड्याच दिवसांसाठी. परराष्ट्र धोरणाच्या निर्णयामुळे ज्यांचा रोजगार जातो त्यांच्यासाठी केंद्राने स्वतंत्र निधी ठेवावा, ही मागणी मावळच्या खासदारांनी संसदेत मांडावी असे आम्हांस वाटते. आमच्या धर्मग्रामांतील कामगार बांधवांनी तसे पत्र पाठवायचे ठरवल्यास त्याचा मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत.